तबकडीनं हात वर केला तेव्हा

लोर्ना ड्रायव्हर लिहिते, असं तिची आई वेल्डा चर्चबाहेर कौतुकानं सांगायची, आणि बायका विचारायच्या, "अगं, चालवते म्हण की! ट्रक कुणाचा?" त्यांचं तरी काय चुकलं? लाँगमाँट गावात ट्रक म्हणजे साखरेच्या बीटांचा, आणि लोर्नाचे वडील ऑरिन यांची उभी हयात तोच हाकण्यात गेलेली.

लोर्नाचा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा प्रोग्राम, मधला निरोप्या. कॉम्प्युटरनं म्हणायचं, "एवढं लिहून ठेव." निरोप्यानं ते नोंदी साठवणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, जाऊन सांगायचं आणि उत्तर आणायचं. तबकडी म्हणते, "झालं." नाहीतर नुसता हात वर करते: काहीतरी बिनसलंय. काय बिनसलं ते आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. मानी जात!

त्या वसंतात लोर्नाच्या डोक्याला भुंगा लागला होता. तबकडी अधूनमधून हात वर करायची आणि विचारायला जावं तर म्हणायची, "काही तक्रार नाही."

"मग झालंच की काम," तिचा साहेब गिल प्रूएट म्हणाला. "तक्रार नाही, म्हणजे 'झालं' असं कळवून टाक. आपला कॉम्प्युटरांचा माल शुक्रवारी दवाखान्यांत जायचाय."

"आणि लिहिलंच गेलं नसलं तर? रोग्याचं औषध बदललं, डॉक्टरला वाटतंय नोंद झाली, आणि तबकडी कोरी!"

"लोर्ना, तू तर चांगल्या दातालाही सळी घालून बघशील."

"दुखत नसताना कुणी तोंड उघडून दाखवतं का, गिल?"

तिला बसवेना. गाड्यांच्या तळावर येरझारा घालून बुटांचे सोल झिजले, पिवळ्या पेन्सिली चावून चावून ओठ पिवळे झाले. नसलेल्या तक्रारीसाठी कुणी हात का वर करेल?

रविवारी आईकडे जेवायला गेली तरी तेच. ताटात भाजलेलं मांस, बटाटे, घेवडा. पाय टेबलाखाली हलतायत.

"पाय आवर गं," वेल्डा म्हणाली. "रस्सा सांडेल."

तेवढ्यात ऑरिननी काटा खाली ठेवला, बोट वर केलं. "मी काय म्हणत होतो, लोर्ना..."

"ऑरिन, आधी लोणी दे इकडे," वेल्डा म्हणाली.

ऑरिननी लोणी दिलं. लोर्नानं विचारलं, "काय म्हणत होतात, बाबा?"

"कोण, मी? कुठं काय. काही नाही."

लोर्नाचा पाय हलायचा थांबला. मग ती अशी उठली की खुर्ची आडवी झाली.

"अगं, गोड तरी खाऊन जा! ॲपल पाय केलाय!" वेल्डा दारापर्यंत ओरडत गेली. पण पोरगी कसली थांबते!

निरोप्याच्या तोंडी मध्येच लोणी मागणारा प्रश्न तिनं स्वतःच घालून ठेवलेला होता! निरोप्या मधूनमधून तबकडीला हटकायचा, "तयार आहेस ना?" हात वर झाल्यावर कारण विचारण्याआधीच हा प्रश्न मध्ये घुसला, की तबकडी "हो, तयार" म्हणायची आणि नव्या हुकुमासरशी जुनं कारण पुसून टाकायची. लोर्नानं निरोप्याला ताकीद दिली: हात वर दिसला की बाकी सगळं राहू दे, आधी कारण विचार.

सोमवारी तबकडीनं हात वर केला आणि बोललीसुद्धा: "लिहिता आलं नाही. जागा खराब आहे."

गिलनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ओळ वाचली. मग त्यानं फोन उचलला आणि शुक्रवारचा माल थांबवला. "नसतं बाहेर काढलंस," तो म्हणाला, पण कॉफी त्यानंच आणून दिली.

भुंगा गेला म्हणावं, तर जाईना. बाबांना काय सांगायचं होतं? फोनवर विचारलं, तर "काही नाही." पुन्हा विचारलं, तर "हवा बरी आहे इकडे."

पुढच्या रविवारी ती मुद्दाम आईशेजारी बसली. बटाटे फिरले, रस्सा फिरला. ऑरिननी काटा खाली ठेवला. "मी काय म्हणत होतो..."

वेल्डाचा हात लोण्याकडे निघाला. लोर्नानं तो धरला आणि टेबलावर दाबून ठेवला.

"अगं, पण लोणी..."

"आई, चूप. बोला, बाबा."

ऑरिननी ताट जरा पुढे सरकवलं.

"गाडी चालवताना," ते हळूच म्हणाले, "रस्त्याची मधली पिवळी रेघ मला हल्ली दोन-दोन दिसते."

लोर्नानं आईचा हात सोडला आणि वडिलांपुढे तळवा पसरला. ऑरिननी खिशातून ट्रकची किल्ली काढली, अंमळ घट्ट धरली, आणि मग तिच्या हातावर ठेवली.

"आता झाली खरी ड्रायव्हर," वेल्डा डोळे पुसत म्हणाली. "घ्या, लोणी घ्या."