वाटीतले तांदूळ

सुलभा गेल्यानंतर चार महिन्यांनी मी देव्हाऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले, तेव्हा अन्नपूर्णेच्या वाटीतल्या तांदळात टोके झाले होते. आमच्याकडे लग्न होऊन येणारी मुलगी माहेराहून पितळेची अन्नपूर्णा आणते आणि तिला तांदळाने भरलेल्या वाटीत बसवते. दर शुक्रवारी सुलभा ते तांदूळ बदलायची आणि जुने त्या दिवशीच्या भातात मिसळायची. आमच्या लग्नापासून मी तो भात जेवत आलो, पण कधी त्या वाटीला हात लावला नव्हता. आता माझे जेवण डब्यातून येत होते. घरात भात शिजतच नव्हता. त्या बोटभर मूर्तीच्या पायांवर किडे चढताना पाहून मला अपराधी वाटायला हवे होते. मला चीड आली. शेवटच्या आजारात सुलभाच्या घशाखाली पेजेचा घोट उतरत नव्हता, आणि अन्नाची ही देवी चार हातांच्या अंतरावर वाटीत स्वस्थ बसली होती. सुलभाबरोबर आली, सुलभाबरोबर जाऊ दे, असे मी ठरवले. कुणाला न सांगता समुद्रात सोडून द्यायची.

२०१९ ची ती दिवाळी. घरात सण करायचा नव्हता. सुलभाचा धाकटा भाऊ श्रीकांत पाडव्याला गाडी घेऊन दारात आला. "भावोजी, कपडे भरा. डहाणूकडे जाऊ. सगळे समुद्रावर लोळायला जातात, आपण आतली गावं बघू." मी नको म्हणू लागलो, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "उद्या भाऊबीज आहे. मला घरात बसवणार नाही." मी उठलो. पिशवीत दोन कपडे, एक पुस्तक आणि सुलभाच्या रुमालात गुंडाळलेली अन्नपूर्णा टाकली.

एका चिकूच्या वाडीत आमची उतरण्याची सोय होती. चहाही न घेता मी पिशवी खांद्याला लावून किनाऱ्यावर गेलो. समुद्र नव्हताच. ओहोटीने तो इतका आत गेला होता की नुसता ओला चिखल आणि त्यापलीकडे एक पांढरी रेघ दिसत होती. मी त्या रेघेकडे चालू लागलो. चप्पल रुतली, अंधार पडत आला, मागून श्रीकांत हाका मारू लागला. परत फिरलो. त्या रात्री नीट झोप लागली नाही. पिशवीत पितळेची एवढीशी वस्तू होती, पण खोलीत कुणीतरी बसून आहे असे वाटत होते.

सकाळी आम्ही तलासरीकडच्या एका वारली पाड्यावर गेलो. श्रीकांतला कुडाच्या भिंतींवरची चित्रे पाहायची होती. तो फोटो काढत हिंडत होता. माझे मन कशातच नव्हते, भरती कधी लागेल हाच हिशेब चालला होता. हळवा, लवकर पिकणारा भात नुकताच झोडून झाला होता. अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. तिने दिलेल्या खाटेवरून मी सारखा उठून फेऱ्या मारू लागलो, तशी ती म्हणाली, "बस ना रे. तुझी गाडी काय पळून जाते?"

आईनंतर मला 'तू' म्हणणारे कुणी उरले नव्हते. मी बसलो. ती सांगत होती, कणसरी म्हणजे धान्याची आई. तिला दाखवल्याशिवाय नवा दाणा आम्ही तोंडात घालत नाही. निघताना तिने कागदात मूठभर तांदूळ बांधून माझ्या हातात दिले. "घरी देवाला दाखव, मंग खा." माझ्या घरी आता देव राहणार नाही, हे मला सांगवले नाही. पुडी पिशवीत टाकली.

दुपारी किनाऱ्यावरच्या वरोर गावी पोचलो तेव्हा भरती भरात होती. श्रीकांत गाडीतच डोळे मिटून पडला. मी एकटाच पाण्याकडे निघालो. वाटेत बांबूंना दोर बांधून बोंबील वाळत घालायच्या वलांड्या होत्या. तिथल्या बाईने मला हटकले.

"ओ काका, पिशवी ठेवा तिकडं आणि जरा टोपली धरा! जाऊ भाऊबीजेला गेली माहेरी, मी एकटी काय काय करू?"

मी गोंधळून टोपली धरली. ती एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायची आणि जोडी दोरावर टाकायची. एक अलीकडे, एक पलीकडे. पुढे तिने मलाही ते करायला लावले. माझ्या जोड्या पटापट सुटून पडत होत्या आणि ती हसत होती. "शाळा शिकलेले दिसता. तोंड उघडा त्याचं, चावत नाही तो!" कितीतरी महिन्यांनी मीही हसलो. टोपली रिकामी होत आली तेव्हा माझ्या हातात एकच बोंबील उरला.

"एकटा राहिला तर?" मी विचारले.

"पाखरानं नेलेला असतो ना कुणाचा तरी जोडीदार. त्या एकट्याला हा लावायचा," ती म्हणाली. "टाकून कोण देतं?"

आणि दोराखाली पडलेला एक अर्धवट वाळलेला बोंबील उचलून तिने माझ्यापुढे धरला. ती जोडी मी लावली. सुटली नाही.

मान वर केली तेव्हा पाणी उतरू लागले होते, खडक उघडे पडले होते. तरी मी पिशवी उचलून पुढे गेलो, आत हात घातला. म्हातारीची पुडी सुटली होती. रुमालही कधीतरी उलगडला होता. पिशवीच्या तळाशी नव्या तांदळात अन्नपूर्णा बसली होती. आडवी नाही, कलंडलेली नाही, घरी बसायची तशीच. गाडीच्या हिसक्यांनी तसे झाले असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. मी खडकावर बसलो आणि चार महिन्यांत आले नव्हते ते रडू आले. सुलभाच्या मागे आम्ही दोघेच उरलो होतो, आणि मी तिला टाकायला निघालो होतो.

परतताना श्रीकांतला सगळे सांगितले. त्याने गाडी बाजूला घेतली, पिशवीत वाकून पाहिले. मग म्हणाला, "हात धुवा भावोजी, देवीला बोंबलाचा वास येतोय." आणि डोळे पुसले.

सुलभाला घास का गेला नाही, याचे उत्तर मला मिळालेले नाही. ते मागत हिंडण्याची तगमग मात्र मी त्या देवीच्या पायाशी ठेवून दिली. पुन्हा उचलावीशी वाटते, तेव्हा पुन्हा ठेवतो. घरी येऊन वाटी घासली, तलासरीचे तांदूळ तीत ओतले, तिला बसवले. पुढच्या शुक्रवारी वाटीत दुसरे तांदूळ भरले आणि आधीचे ते मूठभर तांदूळ भांड्यात घेऊन गॅस पेटवला. पाणी जास्त झाले, भात आसट झाला. पहिला घास देवीपुढे ठेवला आणि उरलेला सगळा जेवलो.