ओली बरणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगताना रडू येत नाही, संताप येतो. स्वतःचा.

किहीमला नलूताईंकडे मी चाकावर भांडी घडवायला शिकत होते. सगळा जन्म चाकापुढे बसून काढलेली बाई. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हातानं रेटू नकोस. कोपर मांडीवर रोव, अंग स्थिर ठेव, माती येते मधोमध." नाही आली. महिनोन् महिने ताई माझं प्रत्येक भांडं तारेनं उभं चिरायच्या, आतली भिंत दाखवायच्या – "तळ जाड. परत." मी गिळायचे. पण राग असा गिळून पचतो?

मग दिघीची रेश्मा शिकायला आली. अबोल. तिच्या बोटांखाली माती अशी वर चढायची की ताई स्वतःचं काम सोडून बघत राहायच्या. तिची मोठी बरणी त्यांनी चिरली नाही. हातात धरून मला दाखवली – मलाच का?

त्या आठवड्यात भट्टी मी लावली. रेश्माची बरणी मागच्या फळीवर वाळत होती. ताईंनीच शिकवलेलं – भांडं गालाला लावायचं, गार लागलं तर आत पाणी आहे, भाजताना फुटणार. मी लावलं. गार लागलं. चांगलं गार. तरी मी ती बरणी भट्टीत ठेवली – ताईंच्या भांड्यांच्या अगदी मधे.

फुटली. ताईंचं सगळं काम घेऊन फुटली.

"एवढी कसली घाई होती तुला?" ताई रेश्मावर कडाडल्या.

"मी न्हाय ठेवली, ताई."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी आले तेव्हा ती आतच होती."

एवढंच. रेश्मा माझ्याकडे बघत राहिली – आणि भांडली नाही! का नाही भांडलीस गं? कित्येक वर्षं मी तिच्यावरच चिडत आले. खोटं बोलले मी, आणि दोष तिच्या गप्प बसण्याला! ती परत आली नाही. ताईंनी पुढे मला जीव लावून शिकवलं – दुसरं उरलंच कोण होतं?

आज माणगावात माझं स्वतःचं चाक आहे, शिकायला मुली येतात. भट्टी लावण्याआधी मी त्यांना बजावते – आमच्याकडे एक रेश्मा होती, घाई केली, ओली बरणी भट्टीत ठेवली, ताईंचं सगळं काम फोडलं.

परवाही सांगितलं. नाव घेऊन.