उंद्रीतली पडकी घरं

मेहकरकडच्या उंद्रीच्या गजेंद्रला सगळ्यात जास्त वैताग यायचा तो एका प्रश्नाचा: "पण हे असतं कायले?"

पुण्यात असताना तो एका इंजिनिअरच्या ऑफिसात इमारतींचे छोटे नमुने बनवायचा. त्याच्याच खोलीवर राहणारा जीवन रविवारी मित्रांना जमवून टेबलावर लढाई खेळायचा. बोटाच्या पेराएवढे शिपाई, फासे टाकायचे आणि चाल करायची. त्या शिपायांना आडोसा घ्यायला मोडकी घरं लागत. गजेंद्रने गंमत म्हणून एक करून दिलं. ते पाहून दुसऱ्याने मागितलं, मग तिसऱ्याने. वडील थकले तसा तो शेती बघायला गावी परतला, पण मागण्या काही थांबल्या नाहीत. सकाळी वावरात, दुपारी ओसरीच्या खोलीत, असा त्याचा दिवस झाला.

फोमचे तुकडे कापून भिंती उभ्या करायच्या. सुईने विटा कोरायच्या, आधी गडद रंग द्यायचा, मग कोरड्या ब्रशने फिका रंग नुसता कडांवर फिरवायचा. पातळ काळा रंग भेगांत सोडायचा. खिडकीच्या गजाखाली गंजाचा ओघळ, पायथ्याशी हिरवट ओल. रंगाचे पोपडे निघाल्यासारखे दिसावेत म्हणून ओल्या भिंतीवर जाडं मीठ टाकायचं, वरून रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं.

"इतकं नामी घर केलं," त्याची बायको वंदना म्हणायची, "आता त्याले घाण काऊन करून राह्यले?"

लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने तिला बसवून समजावलं. दुसऱ्या वर्षी चिडून सांगितलं. आता तो नुसता सुस्कारा सोडायचा.

त्या वर्षी सप्टेंबरात पावसाने ताल सोडला. साखरखेर्ड्याकडे बरीच मातीची घरं बसली. पडझडीचे पंचनामे होणार, सरकारी मदत मिळणार असं कळलं आणि वंदनाचे मामा, जानराव, भल्या सकाळी उंद्रीत येऊन दाखल झाले. जानरावांचं राहतं घर पक्कं होतं. मळ्यातलं जुनं घर मात्र मातीचं, आणि नेमकं तेच पावसात ढिम्म हललं नव्हतं. हा त्यांना मोठा अन्याय वाटत होता.

चहा घेऊन ते आयुष्यात पहिल्यांदाच गजेंद्रच्या खोलीत डोकावले. टेबलावर दुमजली घर होतं. छप्पर उडालेलं, अर्धा जिना लोंबलेला, भिंतीला मोठं भगदाड. जीवनच्या कुठल्याशा स्पर्धेसाठी ते जायचं होतं. जानराव बराच वेळ वाकून बघत राहिले.

"जावाईबापू, तुमच्या हातात कला हाय," ते म्हणाले.

गजेंद्र हरखला. घरात असं कोणी बोललं नव्हतं. तो कोरड्या ब्रशबद्दल सांगायला लागला, तोच जानरावांनी त्याला थांबवलं.

"आमच्या मळ्यातल्या भिंतीले असंच म्हातारं करून द्या. दोन भेगा, थोडी ओल. तलाठी पाहून जाईपावतर टिकलं म्हंजे झालं."

"मामा, हे खेळातलं काम हाय. खऱ्या भिंतीवर असं नाई जमत. आन् जमलं तरी मी नाई करणार. खोटंनाटं हाय ते."

"हे खरं हाय काय मंग?" मामांनी टेबलाकडे बोट दाखवलं.

गजेंद्रने हातातला ब्रश खाली ठेवला. तो उठून बाहेर गेला. वंदनाने त्याला पडवीत गाठलं. "मामानं लग्नात माह्यासाठी किती केलं, माहीत हाय ना? रंगच तं मारायचा हाय."

"रंगच!" गजेंद्रने कपाळावर हात मारला आणि तो वावरात निघून गेला.

दुपारी परतला तेव्हा मामा गेले होते आणि दुमजली घर खिडकीत उन्हाला ठेवलेलं होतं. वरच्या मजल्याचा एक कोपरा तुटून खाली पडला होता.

"मामा फोटो काढत होते," वंदना म्हणाली. "हातातून निसटलं. पण ते तं आधीच मोडलेलं होतं ना. अजून थोडं मोडलं तं काय झालं?"

गजेंद्र खाली बसला. मोडलेलं आणि मोडकं यातला फरक या घरात कोणालाच कधी कळणार नाही, याची त्या क्षणी त्याला खात्री पटली. तो निमूटपणे तुकडा चिकटवायला लागला. फोटो कशाला काढले हे विचारायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ते पुढच्या आठवड्यात कळलं. जानरावांचा फोन आला, आवाज पार उतरलेला. "जावाईबापू, जरा मळ्यात या. साहेब बसले हायेत."

गजेंद्र मोटारसायकल काढून साखरखेर्ड्याला पोचला. मळ्यातलं घर ठणठणीत उभं होतं. समोर बाजेवर तलाठी बसले होते, हातात मोबाईल. बाजूला जानराव, जमिनीकडे बघत.

"हे तुम्ही बनवलंय?" तलाठ्यांनी जानरावांच्या अर्जासोबतचा फोटो पुढे केला.

गजेंद्रने पाहिलं. त्याचंच दुमजली घर, अगदी जवळून काढलेलं. मागे खिडकीतून दिसणारं खरं आभाळ. भगदाड, ओल, ओघळ, सगळं इतकं हुबेहूब उतरलं होतं की क्षणभर त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

"हो, मीच. पण खेळासाठी. मला न विचारता..."

"मी फसलो असतो," तलाठी म्हणाले. "मळ्यात दुमजली घर कसं, एवढीच शंका आली. मग फोटो मोठा करून बघितला." त्यांनी पडद्यावर दोन बोटं फाकवली. "ही माशी बघा."

वरच्या मजल्याच्या भिंतीवर एक माशी बसली होती. शेजारच्या दरवाजापुढे ती चांगली बोकडाएवढी दिसत होती.

तलाठी गंभीर चेहऱ्याने जानरावांकडे वळले. असा प्रकार पुन्हा झाला तर कारवाई होईल, ज्यांची घरं खरंच पडली त्यांच्या तोंडचा घास तुम्ही काढताय, असं त्यांनी चांगलं खडसावलं. गजेंद्रही मान खाली घालून ऐकत उभा राहिला. त्याचा काही दोष नव्हता, तरी कान त्याचेच तापले होते. अर्ज रद्द करून तलाठी उठले. गाडीला किक मारता मारता त्यांनी गजेंद्रला हळूच विचारलं, "दिवाळीला पोरांसाठी किल्ला करून द्याल का?"

"नाही," गजेंद्र म्हणाला. इतक्या जोरात, की तलाठी दचकलेच.

ते गेल्यावर जानराव म्हणाले, "एकमजली केलं असतं तं खपलं असतं."

गजेंद्र निघाला. साखरखेर्डा ते उंद्री तो मनातल्या मनात भांडत आला. घरी पोचला तर वंदना टेबलाशी उभी होती, जुन्या साडीचे तुकडे करून घरं गुंडाळत होती. पार्सल उद्या जायचं होतं.

"मामाचा फोन आला होता," ती मान वर न करता म्हणाली. "जावायानं चारचौघात इज्जत घालवली म्हणे."

"मंग? तू काय म्हनलं?"

"म्हनलं, घर त्याहीचं होतं, पन माशी तं तुमची होती."

गजेंद्रला हसू फुटलं, आणि आपण अजून रागात आहोत हे आठवून त्याने ते दाबलं. वंदनाने दुमजली घर हातात घेतलं, उजेडाकडे धरून फिरवलं. चिकटवलेला कोपरा तिला सापडेना. तिने दोनदा शोधला.

"कुठून तुटलं होतं हे?"

त्याने बोटाने दाखवलं. ती वाकून बघत राहिली, आणि या खेपेला तिने काहीच विचारलं नाही.

जानराव बरेच महिने बोलले नाहीत, आणि ते सुख गजेंद्रने मनापासून भोगलं. मग मेहकरला एका लग्नात ते समोर आले, त्याचा हात धरून पाहुण्यांत घेऊन गेले. "हे आमचे जावाई," ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पडकी घरं बांधतात."

"पण ते असतं कायले?" एका पाहुण्याने विचारलं.

गजेंद्र सरळ पंगतीत जाऊन बसला.