मामा पडद्यावरून हलेनात

माझे सासरे वारल्यानंतरही काही दिवस माझ्या लॅपटॉपमध्ये राहायला होते.

हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. पुरावा मागाल तर माझ्या सासुरवाडीचं निम्मं तलवाडा गाव साक्षीला उभं करीन. उरलेलं निम्मं मला पाहिलं की अजूनही बोळ बदलतं, त्यामुळे त्यांची खात्री देत नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. मामा बोलायचे कमी आणि बघायचे जास्त. मी बीडला कॉलेजात कारकून. पण आपल्याला यंत्रातलं कळतं, असा माझा एक जुना, कशानंच बरा न होणारा समज आहे. एकदा सासुरवाडीला गेलो होतो तेव्हा मी त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त केला. तेव्हापासून ती मोटार स्वतःच्या मर्जीनं चालू लागली. (म्हणजे आपण ती बंद करून घरी यायचं, जेवायला बसायचं, आणि मळ्याकडून तिचा आवाज यायचा!) मामा तेव्हाही काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं. पापणी न लववता. भाकरीचा घास माझ्या हातातच वाळला.

तर असे हे मामा, भरल्या वयात, दुपारचं जेवून, पान खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. सगळ्यांनी म्हटलं, सोन्यासारखं मरण आलं. खरंच आलं होतं. पुढचा सगळा घोळ माझा.

दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला येऊ लागली, आणि माझा मेव्हणा बाळासाहेब डोक्याचा गोटा चोळत माझ्यापाशी आला.

"दाजी, लोकं यायलेत, अन् हार घालायला फोटोच न्हाई."

"गेवराईहून फ्रेम करून आणू की."

"फ्रेमवाल्याच्या मेव्हणीचं लगीन हाय. दुकानाला कुलूप. दहाव्यापतुर देतो म्हन्ला."

इथं माझं डोकं चाललं. (माझं डोकं चालायला लागलं की आमच्या घरात आधी गॅस बंद करतात. तलवाड्यात ही पद्धत नव्हती.) लेकीनं पुण्याला नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना माझ्याकडे आला होता, आणि मी तो चार लोकांत मिरवायला सोबत बाळगायचो. मी तो चौरंगावर मांडला. एका लग्नातला मामांचा फेट्यातला फोटो शोधला. शेजारचा माणूस कापला. पण त्याचा मामांच्या खांद्यावरचा हात काही कापता येईना, तो राहिला. फोटो पडदाभर केला, उजेड पार शेवटापर्यंत वाढवला, आणि पडदा कधीच विझणार नाही अशी व्यवस्था करून टाकली. वर झेंडूचा हार. पुढं समई.

बाया बघून हरखल्याच.

"अगं बया, काय तेज हाय तोंडावर!"

"जित्तेपणी न्हवतं येवडं."

"पर खांद्यावर हात कुनाचा म्हनायचा?"

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी गुडघ्यावरचा हात न काढता निकाल दिला, "यमाचा. दुसऱ्या कुनाचा?"

त्यानंतर त्या हाताबद्दल कुणी विचारलं नाही. पण चौरंगाच्या त्या बाजूला बसायचंही सगळ्यांनी सोडलं.

खरी गंमत लाईट गेल्यावर कळली. दिवेलागणीला सगळ्या गावाची लाईट जायची. लॅपटॉपची बॅटरी मात्र तासभर दम धरायची. मग त्या अंधाऱ्या खोलीत नुसता मामांचा चेहरा. निळसर. समोर बसलेल्यांच्या तोंडावर तोच निळा उजेड, म्हणजे मेलेला एक आणि मेल्यासारखे दिसणारे पंधरावीस! रस्त्यावरून बघणाऱ्याला खिडकीत एक फेटा तरंगताना दिसायचा. दूधवाला किटली फाटकातच ठेवून पळायला लागला. कुत्रं चौरंगाकडे तोंड करून बसायचं आणि मध्येच शेपूट हलवायचं. मी पाण्याला आत गेलो की पाठीवर नजर जाणवायची. शेवटी शेवटी तर मी जाता जाता सांगूनच जायचो, "मामा, पाणी घेतो जरा."

"कुनाशी बोलायलात?" बायको विचारायची.

"कुणाशी नाही."

"मग 'जरा' कशाला म्हन्ता? घ्या की पोटभर."

दहाव्याच्या सकाळी फ्रेम आली. बाळासाहेब फोटो घेऊन उभा राहिला, आणि मी मोठ्या इतमामानं लॅपटॉपवरचा हार काढला, फोटो बंद केला.

फोटो बंद झाला. मामा झाले नाहीत.

मागचा राखी रंगाचा पडदा आला, आणि त्या राखेत मामा होते. फिकट. धुक्यातून कुणी बघावं तसे. फेटा, मिशी, डोळे. खांद्यावरचा तो हातसुद्धा! मी उपरण्यानं काच पुसली. मामा पुसले गेले नाहीत. लॅपटॉप बंद केला, देवाचं नाव घेतलं, चालू केला. आधी काळा अंधार, मग राख, आणि राखेतून हळूहळू मामा.

"दाजी, फोटो बंद करा की."

"बंदच आहे."

"मंग ह्ये कावून दिसायलेत?"

"ते... त्यांचं ते दिसायलेत."

बाळासाहेबानं फ्रेम ढालीसारखी छातीशी धरली. तेवढ्यात मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आल्या. त्यांनी एकदा फ्रेमकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला, नदीवर उशीर व्हायलाय."

मला वाटलं, सुटलो.

गोदावरीच्या काठावर विधी झाला. पिंड मांडले. सगळे मागं सरून बसले. समोरच्या बाभळीवर कावळे होते. फांदी वाकेल इतके होते. पण एक खाली येईल तर शपथ. ओरडतही नव्हते. वारा नाही, पाण्याला आवाज नाही. नुसते बसून बघत होते. (बघण्याची ही पद्धत माझ्या ओळखीची होती.)

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. मग एकेकानं उठून शब्द द्यायला सुरुवात केली.

"तात्या, आईला काई कमी पडू देनार न्हाई!" बाळासाहेब म्हणाला. कावळे गप्प.

"काका, तुमचा बांध आता कोरनार न्हाई!" चुलत पुतण्या म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. कावळ्यांनी नाही.

ऊन चढलं. मागं मांडवात आमटीला उकळी येऊन विझली. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि मामींना तर शुगर. सकाळपासून त्यांनी चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्यांचा हात कापत होता, ओठ पांढरे पडले होते. गुरुजींनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू. शास्त्रात सोय आहे."

"न्हाई," मामी म्हणाल्या. "कावळा कसा येईल? ह्ये हितं न्हाईतच. ह्ये घरी हायेत. जावईबापूंच्या डब्यात."

सगळा जमाव माझ्याकडे वळला.

"त्येंला आना हितं. त्येंच्या देखत शिवल तवाच मी पान्याला तोंड लावीन."

मोटारसायकल गेली, मामांना घेऊन आली. पिंडासमोर लॅपटॉप उघडला, तर उन्हात काहीच दिसेना. मग वरून सतरंजी धरली, आणि तिच्याखाली मी, मामी, बाळासाहेब आणि मामा असे चौघं बसलो. बाहेर भर दुपार, आत तिन्हीसांज. त्या अंधारात राखेतून मामा वर आले. बाळासाहेब माझ्या मांडीवर चढला.

मी पुण्याला लेकीला फोन लावला. अंधारात चाचपडताना तो नेमका स्पीकरवर गेला.

"पप्पा, एकच फोटो इतके दिवस सलग चालू ठेवला?"

"अगं, आजोबांचा होता. मध्येच उठवायचं कसं त्यांना?"

"छाप राहते ना मग पडद्यावर! घोस्टिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे काय?" सतरंजीबाहेरून गुरुजींनी विचारलं. आणि मी (कुणी मला आवरायला हवं होतं!) कॉलेजातल्या सवयीनं ताबडतोब भाषांतर केलं.

"भूत."

बाहेर माणसं उठून पळाल्याचा आवाज आला. सतरंजीचं एक टोक खाली पडलं. धरणारा गेला होता.

"पप्पा, घाबरू नका. पांढरा पडदा लावून ठेवा, हळूहळू जाईल. नाहीतर सरळ बंद करून ठेवा."

"किती वेळ?"

"दिवस, दोन दिवस."

"दोन दिस?" मामी म्हणाल्या. तेवढंच. पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ही बाई दोन दिवस पाण्याला शिवणार नव्हती. आणि ते माझ्यामुळं.

मी घाईघाईनं पांढरा पडदा लावला. हे भाषांतरापेक्षाही वाईट झालं. राखेत मामा निदान अंधुक होते. पांढऱ्यावर मिशीचा केस न् केस उमटला! बाळासाहेब सतरंजीबाहेर कसा गेला ते मला कळलं नाही. सतरंजी फाटलेली मात्र नंतर दिसली.

आत आम्ही तिघंच उरलो. मामींनी पुढं सरून लॅपटॉपवर हात ठेवला. हळूच. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आंग गरम हाय ह्येंचं."



आतला पंखा घर्र करून फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. मामी कान लावून ऐकत होत्या. "शेवटी शेवटी असाच श्वास चालायचा," त्या म्हणाल्या. "जावईबापू, ह्येंला तितं तरास तर व्हत न्हाई ना?"

यंत्रातलं सगळं कळणारा मी उपरण्यानं त्या डब्याला वारा घालू लागलो. माझ्या मानेवर काटा होता आणि डोळ्यांत पाणी, आणि त्या पांढऱ्या उजेडात मामा आम्हा दोघांकडे बघत होते.

तेवढ्यात पंख्यानं एक लांब घरघर केली. थांबला. पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

"गेले," मामी म्हणाल्या.

तो शब्द बाहेर ऐकू गेला आणि बायांनी एकदम हंबरडा फोडला. बाळासाहेब धावत आला, "दाजी, आमच्या तात्याला दोनदा मारलं वो तुमी!" गुरुजी पोथी चाळत होते, एकाच माणसाचं दोनदा सुतक धरायचं का, याचा निकाल त्यांना सापडत नव्हता.

मी सतरंजी बाजूला केली. बाभळीवरचे कावळे तसेच. गप्प.

मामी उन्हात डोळे मिचकावत म्हणाल्या, "समदे बोलले. जावईबापू बोललेच न्हाईत."

मी हात जोडून पुढं गेलो. "मामा, मी मामींना सांभाळीन." एका कावळ्यानं आमच्याकडे पाठ केली.

"तुमच्या लेकीला सुखात ठेवीन."

"खोटं बोलू नका," मागून बायको म्हणाली, "वरून बघायलेत ते."

"जावईबापू," मामी म्हणाल्या, "त्येंच्या मनातलं बोला. तुमाला ठावं हाय."

ठाऊक होतं. मी घसा खाकरला. तलवाड्यातल्या सगळ्या सोयऱ्यांसमोर, गोदावरीच्या साक्षीनं, मी म्हणालो, "मामा, तुमच्या घरातल्या कुठल्याही यंत्राला ह्यापुढं मी हात लावणार—"

'नाही' तोंडातच राहिलं. फडफड झाली आणि ऊन क्षणभर झाकलं गेलं. एक नाही, अख्खी बाभळ खाली उतरली! पिंडावर काळं आभाळ पडावं तसं झालं, आणि दोन पळांत पत्रावळीवर शीतही उरलं नाही.

मामींनी पाणी मागितलं. मग मांडवात बसून सावकाश, नीट जेवल्या. शेवटी भाताबरोबर आमटी दुसऱ्यांदा घेतली तेव्हा मी श्वास सोडला.

संध्याकाळी बाळासाहेबानं लॅपटॉप वायरीला लावला. मला दहा हात लांब उभं करून. राखी पडदा आला, आणि त्यात कुणी नव्हतं. लेक फोनवर म्हणाली, बंद राहिल्यानं छाप उडाली असेल. पण इतक्या लवकर कशी, ते तिलाही सांगता येईना. तलवाड्यानं तिला विचारलंच नव्हतं.

शब्द मी पाळतो, म्हणजे मला पाळावाच लागतो. सासुरवाडीला गेलो की ओट्यावर बसायचं. पंखा हवा असेल तर हाक मारायची. परवा तिथं तिन्हीसांजेला लाईट गेली. चप्पल सापडेना म्हणून मी अंधारात खिशातून मोबाईल काढला, तर आतून मामी जिवाच्या आकांतानं ओरडल्या,

"बाळासाहेब, पळ! जावईबापूंनी कायतरी हातात घेतलंय!"