तिरपा बाण

लेक इंजिनिअरिंगला आहे. तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून माणसाच्या उंचीचं रॉकेट केलं. बुडाला लावायचे त्याचे पंख साखरा गावात आमच्या घरी बनले, कारण कापड कापायला मी, शिवणकाम करणारी, होते. काचेच्या धाग्याचं पांढरं कापड, थरावर थर, मधे रेझीन म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, वर काच आणि काचेवर वजनाला पाटा. दुसऱ्या दिवशी टणक पाटी निघायची. तिच्यातून पोरी पंख कापून कडा घासायच्या.

लेकीने कागदावर पंखाचा आकार काढून दिला होता. काही थरांवर तिरपा बाण होता. चौथी शिकले असले तरी बाणाचा अर्थ मला कळतो. तो थर उरेब, म्हणजे धागा तिरपा ठेवून कापायचा. पण उरेब कापलं की कापड फार वाया जातं. ते थर आत झाकले जाणार. ब्लाऊजचं अस्तर कुणी उरेब कापतं का? मी सगळेच सरळ कापले, आणि वाचलेलं कापड घडी करून पेटीत ठेवलं. तेव्हा मनात खूश होते.

रॉकेट सुटलं. वर जाता जाता पंख थरथरले, एक निखळला आणि रॉकेट गटांगळ्या खात पडलं.

रविवारी चौघी ओसरीवर बसल्या. पंख चिकटवणारी पोरगी खाली मान घालून होती.

"तुझं चिकटवणंच कच्चं," एक म्हणाली. "आता हे काम दुसरीला देऊ."

"मी बराबर चिकटवलं व्हतं."

"मंग काय पाखरानं नेला?"

दोघी हसल्या. ती हसली नाही.

मी आत मशीनवर होते. टीप सरळ पडेना. उठले, चहा ठेवला. उरलेली पाटी हातात घेऊन पिळली, तर ती वळली. परत पिळली, परत वळली. आत तिरपा धागा असता तर तिने पीळ घेतला नसता. चहा उतू गेला. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. लग्नातसुद्धा मी भांड्यांपाशीच बसते. पण त्या पोरीने निघायला पिशवी उचलली तशी मी पाटी घेऊन बाहेर गेले.

"तिचं न्हाई चुकलं. मी कापड सरळ कापलं. समदं."

लेक माझ्याकडे बघत राहिली. "काहून, माय? बाण काढला व्हता ना मी?"

"आतलं कोण बघतंय म्हणलं. अस्तर समजले."

"काकू, रॉकेटला अस्तर!" मघाची टोमणे मारणारी फिसकन हसली. लेक मात्र हसली नाही. तिने पाटी घेतली, पिळून पाहिली आणि त्या पोरीपुढे धरली. "चुकलं गं आमचं," म्हणाली. त्या पोरीने पिशवी खाली ठेवली.

मी पेटीतलं कापड आणलं. त्यातूनच तिरपे थर निघाले. ह्या वेळी बाणाचा कागद लेकीने धरला, कात्री मी चालवली. आणि पंख चिकटवले त्याच पोरीने.

आज दुपारी पोरी रॉकेट परत उडवणार आहेत. "काकू, तुमी या," असं ती पंख चिकटवणारी म्हणून गेली. अजून वेळ आहे. नव्या पाटीचा उरलेला तुकडा माझ्याजवळ आहे. सकाळपासून किती वेळा पिळला असेल. वळत नाही. तरी लिहिता लिहिता आता परत पिळून बघितला.