आवडलं का, बाबा?

थंडीत समुद्रावर जायचं हे खूळ आमच्या ह्यांचं. बर्मिंगहॅमच्या ऑफिसात ह्यांच्या शेजारी बसणाऱ्या एका गोऱ्याने सांगितलं होतं, की समुद्राची खरी मजा फेब्रुवारीत. गर्दी नाही, गोंगाट नाही, संध्याकाळी हीटरपाशी बसून चहा प्यायचा, अगदी कोझी. गोऱ्याने काहीही सांगितलं की आमच्या ह्यांना ते पटतं. मी म्हटलं, "अहो, मजा असती तर गर्दी झाली नसती का?" पण तोवर ह्यांनी वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावात गेस्ट हाउस ठरवूनही टाकलं होतं.

मी फार ताणून धरलं नाही, त्याला कारण माझे बाबा. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आई आदल्या वर्षी गेली, मी एकुलती एक, आणि बाबा सांगलीत एकटे हाताने खिचडी शिजवून खात होते. मी हट्टाने त्यांना इकडे आणलं आणि आता ते कायमचे आमच्याकडेच राहावेत म्हणून माझा आटापिटा चालला होता. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, इंग्रजी उत्तम, तब्येत बरी, गुडघे तेवढे कुरकुरणारे. अडचण एकच होती. लेकीच्या घरी बापाने मुक्काम ठोकायचा नसतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांचे आजोबा म्हणे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. बाबा तितके कर्मठ नव्हते, पण आमच्या सोफ्याच्या कडेवर बसायचे, पाठ म्हणून टेकायचे नाहीत. हे घरात आले की उठून टीव्हीचा आवाज कमी करायचे. एप्रिलचं परतीचं तिकीट होतं, आणि त्याआधी मला त्यांचं मन वळवायचं होतं.

"बाबा, गरम कपडे सगळे घ्या, एकही मागे ठेवू नका," मी बजावलं. त्यांनी खरोखरच सगळे घेतले.

गाव पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आइस्क्रीमच्या टपरीला फळ्या ठोकलेल्या, समुद्रात आत गेलेल्या लाकडी धक्क्याला कुलूप, आणि वारा असा की तोंड उघडलं तर दात गार पडावेत. नाणी टाकून खेळायच्या मशिनांचं एक दालन तेवढं उघडं होतं. आत चिटपाखरू नाही, मशिनं आपली स्वतःशीच टुंग टुंग करत होती. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर गाड्या ओळीने समुद्राकडे तोंड करून उभ्या, आणि प्रत्येक गाडीत एक म्हातारा, एक म्हातारी. काचा बंद, मांडीवर ब्लँकेट, हातात थर्मासमधला चहा. एवढ्या लांब समुद्र बघायला यायचं आणि गाडीतून उतरायचंच नाही, ही कुठली थेरं? बाकांवर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, अमक्यातमक्याला इथला देखावा फार आवडायचा म्हणून. मी म्हटलं, "याच बाकावर गारठून गेला असणार बिचारा." बाबा हसले. ह्यांना नाही आवडलं. ह्यांचं आपलं चालूच होतं, हवा बघ किती फ्रेश आहे, आकाश बघ. आकाश कुठलं? वर सगळं भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाचं.

"आवडलं का, बाबा?" मी विचारलं.

"छान आहे," ते म्हणाले. बिचाऱ्यांच्या नाकाचं पाणी रुमालाला आवरत नव्हतं.

गेस्ट हाउसमध्ये कार्पेटवर फुलं, पडद्यांवर फुलं, भिंतींवर फुलं, आणि बाहेर अंगणात एक झुडूप जिवंत असेल तर शपथ. बाबांचे गुडघे लक्षात घेऊन ह्यांनी त्यांना तळमजल्यावरची खोली घेतली होती, आमची वर. मालकीण बोलायला साखर. संध्याकाळी घंटा वाजवून ती सगळ्यांना जेवायला बोलवायची, शाळेत बोलवतात तसं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर तिने चीजचा एक तुकडा, पाल्याची दोन पानं आणि अर्धा टोमॅटो आणून ठेवला, आणि वर तोंड भरून हसली. मी पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी काढली. हे टेबलाखालून पाय मारायला लागले, लोक काय म्हणतील म्हणून. काय म्हणणार होते? त्या उकडलेल्या कोबीच्या वासात जेवणाऱ्यांनी माझ्या लसणाला नाव ठेवायचं?

आणि लोक तरी कोण! सगळे म्हातारे, एकेका टेबलावर एकेकटे. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, समोर आपापली सॉसची बाटली आणि गोळ्यांची डबी. मालकिणीनेच मग सांगितलं, की उन्हाळ्यात ती पर्यटकही घेते, पण बऱ्याच खोल्यांत अशी एकटी माणसं कायमची ठेवून घेते. काही जण वर्षानुवर्षं तिथेच होते. ह्यांच्या त्या गोऱ्याने हे काही सांगितलं नव्हतं. माझं तोंड सुटलं. मराठीत बोलायचा एक फायदा असतो, भर पंक्तीत कुणाचाही उद्धार करता येतो. "पोटच्या पोरांनी आणून टाकलेत बघा," मी म्हटलं. "आईबापांचा कंटाळा आला की समुद्राकाठी नेऊन ठेवायचं. वर म्हणायचं, हवा चांगली आहे." बाबा टोमॅटोचे बारीक बारीक तुकडे करत राहिले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांना सोबत मिळाली, रेल्वेतून रिटायर झालेला एक गोरा म्हातारा. बाबांचे कालवे, त्याचे पूल, दोघांचं चांगलं जुळलं. आम्हाला तेच हवं होतं. हे मला घेऊन वाऱ्यात मैलभर फिरले, रोमँटिक म्हणे. माझे कान बधिर झाले होते, प्रेमाचे चार शब्द बोलले असतील तर मला ऐकू आले नाहीत. परत आलो तेव्हा दोघे म्हातारे हीटरपाशी बसलेले. "आवडलं का, बाबा?" ह्यांनी विचारलं. "हो, शांत आहे," बाबा म्हणाले. ह्यांनी मला डोळा मारला, जमतंय म्हणून. मग कॉरिडॉरमध्ये मालकिणीशी उभ्याउभ्या ह्यांची बराच वेळ कुजबुज चालली. ईस्टरला पुन्हा यायचं ह्यांच्या डोक्यात होतं आणि मी ऐकलं तर रागावेन म्हणून आवाज दाबून बोलत होते. संध्याकाळी मी, रात्री जेवताना पुन्हा हे, आवडलं का, बरं वाटतंय का, थंडी नाही ना वाजत. बाबांना इंग्लंड आवडावं एवढीच आमची धडपड होती.

रविवारी दुपारी आमच्या बॅगा गाडीत ठेवून मी त्यांना बोलवायला गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. कपाटात सगळे शर्ट टांगलेले. स्वेटर घड्या घालून खणात. पलंगाखाली सपाता जोडीने ठेवलेल्या, रिकामी बॅग कपाटावर. खिडकीच्या कट्ट्यावर स्वच्छ रुमाल अंथरून त्यावर त्यांचे देव मांडलेले, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. देवांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून ते गावाला जाताना डब्यात घालून बरोबर न्यायचे, ते मला ठाऊक होतं. पण निघायच्या वेळी देव आधी डब्यात जातात.

"बाबा, आवरलं नाहीत अजून?"

"आवरलं की. सगळं लावून झालं," ते म्हणाले. "तुम्ही निघा आता. अंधार लवकर पडतो, जावईबापूंना गाडी चालवायची आहे."

मला काही कळेना. ते माझी समजूत घातल्यासारखे बोलत राहिले. "खोली खालची घेतलीत ते बरं केलंत, जिना नको. जेवणाचं मी मालकिणीशी बोललोय, ती थोडा भात करून देईन म्हणाली. रेल्वेतले ते गृहस्थही असेच आले, लेकीबरोबर, दोन दिवस राहून बघू म्हणून. आता रुळलेत. तू मनाला लावून घेऊ नकोस. लेकीच्या घरी बाप किती दिवस राहणार?"

मी पलंगावर बसले. "बाबा, तुम्हाला इथे ठेवायला आणलंय असं वाटलं तुम्हाला?"

"तुम्ही दोघं सारखं विचारत होतात ना, आवडलं का, आवडलं का," ते म्हणाले. "मग मी म्हटलं, आवडलं म्हणावं."

मी रडले. रडता रडता त्यांच्यावर ओरडलेसुद्धा, की मी काय ह्या गोऱ्यांसारखी आहे का. हे धावत आले. झालं ते कळल्यावर जमिनीवर बसले आणि बाबांचे स्वेटर एकेक करून बॅगेत भरायला लागले. देव बाबांनी स्वतः डब्यात ठेवले. त्या दिवशी बर्मिंगहॅम येईपर्यंत ह्यांनी पहिल्यांदाच कशाची तारीफ केली नाही.

मला वाटलं, चला, निदान आता तरी त्यांना कळलं असेल की ते आम्हाला हवे आहेत. मी त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची आणली, खोलीत देवघर लावून दिलं. हे रोज टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा करायचे. बाबा सगळ्याला छान म्हणाले, आणि एप्रिलमध्ये निघाले. निघायच्या सकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना मी विचारलं, "अजून राग आहे का त्याचा?"

"नाही गं, राग कसला," ते म्हणाले. "तू तसं करणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण त्या खोलीत कपडे लावताना मला जरासुद्धा नवल वाटलं नव्हतं. इथे राहिलो तर रोज सकाळी तुमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत बसेन. सांगलीत मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही."