बुटांची माती

गंगावेशीच्या कोपऱ्यावर बूट-चपला दुरुस्त करायला बसणाऱ्या त्या गृहस्थाचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला नुसतं मास्तर म्हणायचा. सत्तर सालाच्या आसपास डोंगरात चालायचे बूट कोल्हापुरात कुठले मिळायला? माझ्या साध्या बुटांना तोच ट्रकच्या टायरचा तळ ठोकून द्यायचा.

सोमवारी बूट नेले की आधी आरीनं खाचेतली माती काढायचा, बोटांत चोळायचा आणि ओरडूनच सांगायचा, "मसाईच्या पठारावर गेलतासा!" कधी चुकला नाही. मग झिजलेली टाच दाखवायचा. "उतरताना लई भ्याता की वो." तेही खरंच होतं.

पुढे माझ्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. मी बूट त्याच्यापुढे टाकले. "टायर काढा, गुळगुळीत तळ लावा. आता शाळेपुरतेच घालायचेत."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर तळ तोच, वर नवे खिळे ठोकलेले. मी चिडलो. "काल काय सांगितलं होतं?"

"ऐकलं की. शाळंला दुसरं शिवून देतो. ह्ये असू द्यात."

मग माझ्याकडे न बघता आरी पुसत राहिला. आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पन्हाळ्यापतोर यष्टी जाती. फुडं बसत बसत जाऊ. मी येतो संगं. इतकी वर्सं नुसती माती बघतोय मास्तर, एकदा पठार बघू द्या की."